ज्यूंचा छळ आणि जगाचा प्रतिसाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाझी राजवटीत युरोपातील ज्यूंचा जो छळ आणि संहार झाला, त्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. मात्र त्या काळात इतर देश, त्यांचे अधिकारी आणि सामान्य माणसे काय करत होती, हा भाग आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनीच पोहोचला आहे. त्यात काही दंतकथाही मिसळल्या आहेत. विद्यार्थी, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. महाराष्ट्र आणि गोव्याशी जेथे खरा संबंध येतो, तेथे तोही सांगितला आहे.

नेमके किती लोक मारले गेले आणि ते कोठले होते?

१९३३ साली युरोपात सुमारे पंचाण्णव लाख ज्यू राहत होते. त्यांपैकी सुमारे साठ लाख लोकांना १९४५ पर्यंत ठार करण्यात आले. यातील सर्वांत मोठा वाटा पोलंड आणि तेव्हाच्या सोव्हिएत प्रदेशातील ज्यूंचा होता. जर्मनीतील ज्यूंची संख्या १९३३ मध्ये जेमतेम पाच लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होती. याच राजवटीने रोमा समाजातील लोक, अपंग व मनोरुग्ण, सोव्हिएत युद्धकैदी आणि पोलिश नागरिक यांचीही मोठ्या प्रमाणावर हत्या केली.

सगळे बळी विषारी वायूच्या कोठड्यांत मेले, हा समज चुकीचा आहे. पूर्वेकडील प्रदेशात लाखो लोकांना त्यांच्याच गावाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. कीव्ह शहराच्या कडेला असलेल्या बाबी यार या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. हा आकडा मारेकऱ्यांनीच आपल्या अहवालात नोंदवून ठेवलेला आहे.

छळाची सुरुवात कशी झाली? लोकांना धोका आधीच का ओळखता आला नाही?

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख झाला आणि १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराची हाक देण्यात आली. त्यानंतर आठवड्याभरात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा आला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले आणि ज्यू व बिगर-ज्यू यांच्यातील विवाह गुन्हा ठरवला. ज्यू कोण, हे माणसाच्या श्रद्धेवरून ठरत नसे. आजी-आजोबांपैकी किती जण ज्यू होते ते मोजले जाई. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये जाणारी कुटुंबेही एका रात्रीत ज्यू ठरली. १९३८ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या हुकुमाने ज्यू पुरुषांना आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि स्त्रियांना ‘सारा’ हे नाव जोडणे सक्तीचे केले, आणि त्याच वर्षी त्यांच्या पासपोर्टवर लाल रंगात ठळक ‘जे’ हे अक्षर उमटू लागले. या शिक्क्यामागे स्वित्झर्लंडचा आग्रहही होता. ऑस्ट्रियातून येणारे ज्यू निर्वासित सीमेवरच ओळखू यावेत, अशी त्या देशाच्या अधिकाऱ्यांची इच्छा होती.

प्रत्येक पायरीवर अनेकांना वाटत राहिले की यापुढे आणखी काही होणार नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून पदके मिळवलेले ज्यू निवृत्त सैनिक त्या पदकांच्या भरवशावर राहिले. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या दंगलींनंतर मात्र कोणाच्याच मनात शंका उरली नाही. चौदाशेहून अधिक प्रार्थनास्थळे जाळण्यात किंवा उद्ध्वस्त करण्यात आली, सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून डाखाउ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउझेन येथील छळछावण्यांत टाकण्यात आले, आणि झालेल्या नासधुसीबद्दल ज्यू समाजालाच एक अब्ज मार्कांचा दंड ठोठावण्यात आला.

मग ते देश सोडून का गेले नाहीत?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्यात नकळत दोष बळींच्या माथी येतो. वस्तुस्थिती अशी की जर्मनी आणि ऑस्ट्रियातील निम्म्याहून अधिक ज्यू युद्धापूर्वी बाहेर पडले. ज्यांना पडता आले नाही, त्यांतील बहुतेकांची अडचण इच्छेची नव्हती. त्यांना अडवले ते कागदपत्रांनी.

एखाद्या कुटुंबाला अमेरिकेला जायचे असेल तर काय करावे लागे, ते पाहण्यासारखे आहे. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा ठरवून दिला होता आणि जर्मनी व ऑस्ट्रिया मिळून तो होता २७,३७०. आधी वकिलातीत नाव नोंदवून प्रतीक्षायादीत क्रमांक घ्यायचा. मग अमेरिकेतील एखाद्या नातलगाने किंवा हितचिंतकाने आपले उत्पन्न, बचत आणि कराच्या पावत्यांसह हमीपत्र पाठवायचे, कारण सरकारवर ‘भार’ होण्याची शक्यता असलेल्याला व्हिसा मिळत नसे. त्याच्या जोडीला वैद्यकीय प्रमाणपत्र, कर भरल्याचे प्रमाणपत्र, जहाजाचे तिकीट आणि वर्तणूक चांगली असल्याचा पोलिसांचा दाखला लागे. हा दाखला द्यायचा होता त्याच जर्मन पोलिसांनी, जे त्या माणसाला अटक करायला टपलेले होते. यातील प्रत्येक कागदाला मुदत असे. हमीपत्र येईपर्यंत वैद्यकीय दाखल्याची मुदत संपे, तो नव्याने काढेपर्यंत जहाजाची तारीख उलटून जाई.

दुसऱ्या बाजूने जर्मन सरकार जाणाऱ्याला नागवत होते. देश सोडण्यावर मालमत्तेच्या चौथ्या हिश्शाइतका कर होता, बँकेतील उरलेले पैसे अडकवून ठेवले जात, आणि अखेरीस माणशी दहा मार्क रोख घेऊन सीमा ओलांडावी लागे. म्हणजे एक सरकार माणसाला कंगाल करत होते आणि दुसरे सरकार तो कंगाल आहे म्हणून त्याला दार उघडत नव्हते. या दोन सरकारांच्या कात्रीत जी माणसे सापडली, त्यांना ‘तुम्ही निघून का गेला नाहीत’ असे विचारणे माझ्या मते अन्यायाचे आहे.

एव्हियाँ परिषद काय होती?

जुलै १९३८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने फ्रान्समधील एव्हियाँ या गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले. नऊ दिवस भाषणे झाली. जवळपास प्रत्येकाने सहानुभूती व्यक्त केली आणि आपल्या देशात जागा का नाही, ते सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने तर आमच्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आम्हाला इच्छा नाही, असे स्पष्टच बोलून दाखवले. मोठ्या संख्येने निर्वासित घेण्याची तयारी फक्त डोमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशाने दाखवली. त्याने एक लाखापर्यंतचा आकडा सांगितला होता, पण प्रत्यक्षात तेथील सोसुआ वसाहतीत काहीशेच लोक पोहोचू शकले. जर्मन वृत्तपत्रांनी या परिषदेचा निकाल आनंदाने छापला. ज्यू कोणालाच नको आहेत, हे आता जगानेच सांगितले, असा त्यांचा सूर होता.

‘सेंट लुईस’ जहाजाचे काय झाले?

१३ मे १९३९ रोजी हॅम्बुर्गहून ९३७ प्रवासी घेऊन हे जहाज क्युबाकडे निघाले. जवळपास सगळेच ज्यू होते आणि अनेकांचा क्रमांक अमेरिकेच्या प्रतीक्षायादीत लागलेला होता. क्युबात थांबून ते आपली पाळी येण्याची वाट पाहणार होते. जहाज हवानाला पोहोचण्यापूर्वीच क्युबा सरकारने त्यांचे परवाने रद्द केले आणि अवघ्या अठ्ठावीस जणांना उतरू दिले. जहाज फ्लोरिडाच्या इतक्या जवळून गेले की प्रवाशांना मायामीचे दिवे दिसत होते, तरी अमेरिकेने परवानगी दिली नाही. कॅनडानेही दिली नाही. कप्तान गुस्ताव श्र्योडर यांनी प्रवाशांना जर्मनीत परत नेण्याचे शक्य तितके टाळले. अखेर ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी त्यांना वाटून घेतले. पुढच्याच वर्षी यांपैकी तीन देश जर्मनीच्या ताब्यात गेले आणि परतलेल्या प्रवाशांपैकी २५४ जण नरसंहारात मारले गेले.

मुलांना तरी कोणी घेतले का?

ब्रिटनने घेतले. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलींनंतर तेथील ज्यू आणि क्वेकर संघटनांच्या दबावामुळे संसदेने एकट्या मुलांना आणण्यास मान्यता दिली आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले रेल्वे व बोटीने इंग्लंडला पोहोचली. आई-वडिलांना मात्र परवानगी नव्हती. बहुतेक मुलांनी त्यांना पुन्हा कधी पाहिले नाही. प्रागमधून निकोलस विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६६९ मुले बाहेर काढली. १ सप्टेंबर १९३९ ला सुटायची असलेली त्यांची सर्वांत मोठी गाडी, सुमारे अडीचशे मुले घेऊन, निघूच शकली नाही. त्या दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला होता.

अमेरिकेत वीस हजार मुले कोट्याबाहेर आणण्याचे विधेयक १९३९ मध्ये मांडले गेले, पण ते समितीतच मेले. ब्रिटनच्या औदार्यालाही दुसरी बाजू आहे. त्याच सरकारने मे १९३९ मध्ये आपल्या ताब्यातील पॅलेस्टाइनमध्ये येणाऱ्या ज्यूंची संख्या पाच वर्षांसाठी पंचाहत्तर हजारांवर बांधून टाकली.

हत्याकांडाची बातमी मित्रराष्ट्रांना केव्हा कळली? त्यांनी काय केले?

बातम्या १९४१ पासूनच झिरपत होत्या. ऑगस्ट १९४२ मध्ये जागतिक ज्यू काँग्रेसचे जिनिव्हातील प्रतिनिधी गेऱ्हार्ट रीग्नर यांनी, युरोपातील सर्व ज्यूंना संपवण्याची योजना असल्याचे तारेने कळवले. पोलिश भूमिगत चळवळीचा दूत यान कार्स्की वॉर्सातील ज्यू वस्तीत, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या भागात, चोरून शिरला होता. तेथे पाहिलेले त्याने आधी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन यांना आणि जुलै १९४३ मध्ये प्रत्यक्ष रूझवेल्ट यांना सांगितले. १७ डिसेंबर १९४२ रोजी मित्रराष्ट्रांनी संयुक्त निवेदन काढून या हत्यांचा जाहीर निषेध केला. ब्रिटिश संसदेचे सदस्य त्या दिवशी उभे राहून स्तब्ध झाले होते.

त्यानंतरची कृती त्या निवेदनाला साजेशी नव्हती. निर्वासितांसाठी बर्म्युडा बेटावर ब्रिटन आणि अमेरिकेची परिषद १९ एप्रिल १९४३ रोजी सुरू झाली. नेमक्या त्याच दिवशी वॉर्सातील ज्यू वस्तीत उठाव पेटला. परिषदेतून जवळपास काहीच हाती लागले नाही. अमेरिकेने बचावासाठी वेगळे मंडळ नेमले ते थेट जानेवारी १९४४ मध्ये, आणि तेही अर्थखात्यातील अधिकाऱ्यांनी आपल्याच परराष्ट्रखात्याच्या चालढकलीचा पाढा अध्यक्षांपुढे वाचल्यावर.

आउश्वित्झ या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गांवर बॉम्ब टाकण्याची विनंती १९४४ च्या उन्हाळ्यात करण्यात आली होती. अमेरिकी युद्धखात्याने ती नाकारली. बॉम्बफेकीने छावणीचे काम खरोखर थांबले असते का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. परंतु विमाने तेथवर पोहोचू शकत नव्हती, हे कारण टिकत नाही. त्याच ऑगस्टमध्ये आउश्वित्झच्या परिसरातील रासायनिक कारखान्यावर अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले होते आणि तेथून वायुकोठड्या काही किलोमीटरच दूर होत्या.

डेन्मार्कच्या राजाने स्वतः पिवळा तारा लावला होता, हे खरे आहे का?

नाही. ज्यू ओळखू यावेत म्हणून जर्मनांनी अनेक देशांत त्यांना कपड्यांवर पिवळा तारा लावायला लावला, पण डेन्मार्कमध्ये ही सक्ती कधी झालीच नाही. पण या दंतकथेमुळे जे खरोखर घडले ते झाकले जाते, आणि ते कितीतरी मोठे आहे.

डेन्मार्क एप्रिल १९४० पासून जर्मनीच्या ताब्यात होता, तरी तेथील सरकार आणि प्रशासन बरेचसे टिकून होते. ऑगस्ट १९४३ मध्ये ही घडी मोडली आणि जर्मनांनी ज्यूंना उचलण्याची तयारी केली. कोपनहेगनमधील जर्मन वकिलातीत सागरी वाहतुकीचे काम पाहणारे गेऑर्ग डुकवित्झ हे नाझी पक्षाचे सदस्य होते. त्यांनी २८ सप्टेंबरला ही बातमी डॅनिश सोशल डेमोक्रॅट नेते हान्स हेडटॉफ्ट यांना दिली. हेडटॉफ्ट ती सांगायला ज्यू समाजाच्या प्रमुखांकडे गेले, तेव्हा त्या प्रमुखांचा आधी विश्वासच बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनास्थळात रब्बी मार्कुस मेल्खिओर यांनी जमलेल्यांना सांगितले की आज प्रार्थना होणार नाही, घरी जा, ओळखीच्या प्रत्येकाला कळवा आणि लपा. ज्यू नववर्षाचा सण तोंडावर होता, सगळे घरी सापडतील असा जर्मनांचा हिशेब होता. १ ऑक्टोबरच्या रात्री छापे पडले तेव्हा बहुतेक घरे रिकामी होती.

पुढचे काही आठवडे शेजारी, पाद्री, विद्यार्थी आणि डॉक्टर यांनी माणसे लपवली. बिस्पेबियर्ग रुग्णालयात निरोगी माणसांना रुग्ण म्हणून दाखल करून घेतले गेले. मग रात्रीच्या अंधारात मासेमारीच्या होड्यांतून त्यांना सामुद्रधुनीपलीकडच्या स्वीडनला पोहोचवण्यात आले. स्वीडनने सर्वांना आश्रय देण्याची घोषणा केली होती. सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे सातशेच्या आसपास बिगर-ज्यू नातलग असे पलीकडे गेले. कोळ्यांनी यासाठी पैसे घेतले, आणि काहींनी भरमसाट घेतले, हेही सांगायला हवे. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी वर्गणी काढली. गिल्लेलाये या कोळीगावातील चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास लोक मात्र फितुरीमुळे पकडले गेले.

एकूण पावणेपाचशेच्या आसपास लोक तेरेझिनश्टाट छावणीत गेले. डॅनिश सरकारी खाती त्यांच्याविषयी सतत विचारणा करत राहिली, त्यांना अन्नाची पार्सले पाठवली गेली, आणि त्यांना पुढे आउश्वित्झला नेण्यात आले नाही.

मग इतर देशांत असे का घडले नाही?

भूगोल, जर्मन पकड किती घट्ट होती आणि स्थानिक प्रशासन कसे वागले, या तीन गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो. डेन्मार्कशेजारी तटस्थ स्वीडन होता आणि ज्यूंची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. नेदरलँड्समध्ये एक लाख चाळीस हजार ज्यू होते, पळून जायला डोंगर नव्हते, तटस्थ शेजारी नव्हता, आणि लोकसंख्येची नोंदवही अत्यंत काटेकोर होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कामगारांनी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध संप केला. युरोपभर त्याला जोड सापडणार नाही. तरीही तेथून एक लाख सात हजार लोक छावण्यांत गेले आणि त्यांतील सुमारे पाच हजार परतले.

फ्रान्समध्ये १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमधून सुमारे तेरा हजार ज्यूंना पकडले, ते फ्रेंच पोलिसांनी. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. ही जबाबदारी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे स्वीकारायला १९९५ साल उजाडले. त्याच देशातील ल शाँबाँ-सुर-लिन्योँ या डोंगरी गावात आणि आसपासच्या वाड्यांत पाद्री आंद्रे त्रोक्मे यांच्या प्रेरणेने हजारो लोक लपवले गेले. तेथील प्रोटेस्टंट शेतकऱ्यांना आपल्या पूर्वजांचा धार्मिक छळ आठवत होता.

बल्गेरियाचे उदाहरण सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. मार्च १९४३ मध्ये संसदेचे उपाध्यक्ष दिमितर पेशेव यांनी बेचाळीस सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन निषेधपत्र दिले, ऑर्थोडॉक्स चर्चचे स्तेफान आणि किरील हे धर्मगुरू उघडपणे विरोधात उभे राहिले, आणि देशातील सुमारे अठ्ठेचाळीस हजार ज्यू वाचले. परंतु बल्गेरियाच्या ताब्यात असलेल्या थ्रेस आणि मॅसेडोनिया या भागांतील ११,३४३ ज्यूंना त्याच सरकारने जर्मनांच्या हवाली केले. मुस्लिमबहुल अल्बेनियात मात्र आश्रयाला आलेल्याला शत्रूच्या हाती द्यायचे नाही, ही परंपरा लोकांनी पाळली आणि युद्ध संपले तेव्हा तेथे आधीपेक्षा अधिक ज्यू होते.

एकेकट्या अधिकाऱ्याच्या हातात खरोखर काही होते का?

होते. लिथुआनियातील कौनास येथे जपानचे वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये जपानमधून पुढे जाण्यापुरते, म्हणजे पारगमन, असे दोन हजारांहून अधिक व्हिसा हाताने लिहून दिले. टोकियोची तशी परवानगी नव्हती. पारगमन व्हिसासाठी अंतिम मुक्कामाचा देश दाखवावा लागे, आणि ती अडचण डच मानद वाणिज्यदूत यान झ्वार्टेंडाइक यांनी सोडवली. कॅरिबियनमधील कुरासाव या डच बेटावर जायला व्हिसा लागत नाही, असे त्यांनी पासपोर्टवर लिहून दिले. उतरण्यासाठी राज्यपालाची परवानगी लागते, हे वाक्य त्यांनी गाळले. कुरासावला जवळपास कोणीच गेले नाही. सैबेरिया ओलांडून ही कुटुंबे व्लादिवोस्तोकला, तेथून जपानला आणि पुढे अनेक जण शांघायला पोहोचली. एका व्हिसावर पूर्ण कुटुंब जाई, त्यामुळे वाचलेल्यांची संख्या व्हिसांपेक्षा बरीच जास्त आहे.

हंगेरीत १९४४ साली काही आठवड्यांत सव्वाचार लाखांहून अधिक हंगेरियन ज्यू आउश्वित्झला पाठवले गेले होते. बुडापेस्टमध्ये उरलेल्यांसाठी स्वीडनचे राउल वॉलेनबर्ग आणि स्वित्झर्लंडचे कार्ल लुट्झ यांनी संरक्षणपत्रे वाटली आणि आपापल्या देशाचा झेंडा लावलेल्या घरांत लोकांना ठेवले. कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्या पत्रांना फारसे वजन नव्हते. पण शिक्का, सही आणि मुद्रा पाहून थबकणारी नोकरशाही समोर होती, आणि हे त्यांनी अचूक हेरले होते.

ज्यूंनी स्वतः प्रतिकार का केला नाही?

केला. वॉर्सातील वस्तीत मूठभर पिस्तुले आणि घरगुती बॉम्ब घेऊन तरुण मुले-मुली जवळपास महिनाभर जर्मन सैन्याशी लढली. ट्रेब्लिंका आणि सोबिबोर या मृत्युछावण्यांत १९४३ मध्ये कैद्यांनी उठाव केले. जंगलांत ज्यू गनिमी तुकड्या होत्या. आणि चोरून शाळा चालवणे, रोजनिश्या लिहून दुधाच्या बरण्यांत पुरून ठेवणे हेही उपाशी माणसांनी केले. मी यालाही प्रतिकारच म्हणतो.

भारतीय नेत्यांची भूमिका काय होती?

गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी कळकळ व्यक्त केली, त्यांच्या पॅलेस्टाइनवरील हक्काला विरोध केला आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी जेरुसलेमहून त्यांना सविस्तर पत्र लिहिले. ज्या राजवटीत साक्षीदारच उरू दिला जात नाही, तेथे हा मार्ग चालत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींबद्दल नितांत आदर बाळगूनही मला बूबर यांचे म्हणणे पटते. नेहरूंनी निर्वासितांना भारतात घेण्याच्या बाजूने भूमिका घेतली. सावरकरांनी १९३८ च्या भाषणांत जर्मनीतील ज्यूंच्या हकालपट्टीचा दाखला बहुसंख्याकांच्या राष्ट्राच्या समर्थनार्थ दिला, आणि १९४७ मध्ये ज्यू राष्ट्र स्थापण्याच्या निर्णयाचे स्वागतही केले. या दोन्ही गोष्टी नोंदलेल्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे योग्य नाही.

मुंबईत ज्यू निर्वासित आले होते का?

आले होते, पण थोडे. प्रवेशाचा निर्णय ब्रिटिश सरकारच्या हाती होता आणि नोकरी किंवा हमीदार असल्याशिवाय व्हिसा मिळत नसे. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने अनेकांची हमी घेतली. संगीतकार वॉल्टर काउफमान त्याच वर्षी आले. आकाशवाणीची ओळखीची सुरावट त्यांच्या नावावर आहे. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर यांनी १९३९ मध्ये मुंबई गाठली आणि येथे नृत्यशाळा काढली. त्यांचे अनेक नातलग मागे राहिले आणि मारले गेले. रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि एमॅन्युएल श्लेसिंगर या युरोपातून आलेल्या तिघा कलाप्रेमींनी हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे आणि बाकरे या तरुण चित्रकारांना उमेदीच्या काळात पाठबळ दिले.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पासपोर्ट असलेले निर्वासित ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ ठरले. हिटलरपासून जीव वाचवून आलेल्या माणसांना अहमदनगरच्या छावणीत नाझी समर्थकांच्याच शेजारी बंदिस्त व्हावे लागले. चौकशीनंतर बऱ्याच जणांना सोडण्यात आले.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत ज्यू होते का?

वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतांश स्त्रिया आणि मुले. ते प्रामुख्याने कॅथलिक होते आणि त्यांना हद्दपार केले होते सोव्हिएत राजवटीने. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे आश्रय दिलेली मुलेही मुख्यतः याच गटातील. समाजमाध्यमांवर या दोन्ही छावण्यांना ‘ज्यूंना वाचवणारा भारत’ म्हणून मिरवले जाते, ते बरोबर नाही. आश्रयाचे मोल त्याने कमी होत नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्मारक आणि वॉर्सातील कोल्हापूरचे स्मृतिचिन्ह त्याची साक्ष आहेत. त्याच सोव्हिएत मुलखातून सुटून इराणला पोहोचलेली आठशेहून अधिक ज्यू मुले कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेली. भारताच्या भूमीशी त्यांचा संबंध एवढाच.

भारतात ज्यूंचा कधीच छळ झाला नाही, असे म्हणतात. ते बरोबर आहे का?

कोकणातील बेने इस्रायल समाजापुरते ते खरे आहे. अलिबाग, पेण, रोहा या भागांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली, मराठीला मातृभाषा मानले, आणि मुंबईच्या मांडवीत १७९६ साली सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी पहिले प्रार्थनामंदिर बांधले. शेजाऱ्यांनी त्यांना त्रास दिल्याचा इतिहास नाही.

गोव्यापुरते मात्र हे विधान खोटे आहे. पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंचे वंशज येथे आले होते, आणि १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मन्यायालयाची (इन्क्विझिशनची) नजर सुरुवातीला त्यांच्यावरच होती. नंतर त्याचा मारा स्थानिक ख्रिस्ती आणि हिंदूंवर वळला. भारतीय औषधी वनस्पतींवरचा पहिला छापील युरोपीय ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता हे अशाच कुटुंबातले. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये स्वतः ओर्तांची हाडे उकरून जाळण्यात आली.

ज्यांनी मदत केली, त्यांचे पुढे काय झाले?

जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने आजवर अठ्ठावीस हजारांहून अधिक बिगर-ज्यू व्यक्तींना, जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवल्याबद्दल सन्मानित केले आहे. मात्र अनेकांना त्यांच्याच देशाने आधी शिक्षा दिली. बोर्दो येथील पोर्तुगालचे वाणिज्यदूत अरिस्तिदेस द सूझा मेंडेस यांनी जून १९४० मध्ये सरकारी मनाई मोडून हजारो लोकांना व्हिसा दिले. त्यांची नोकरी संपली आणि १९५४ मध्ये ते कफल्लक अवस्थेत वारले. वॉलेनबर्ग यांना जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेतले. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालन प्रांताचे पोलीसप्रमुख पाउल ग्र्युनिंगर यांनी सीमा बंद झाल्यावरही शेकडो ज्यूंना आत घेतले आणि त्यांच्या कागदांवर बंदीच्या आधीच्या तारखा घातल्या. त्यांना १९३९ मध्ये बडतर्फ केले, निवृत्तिवेतन नाकारले, आणि १९४० मध्ये न्यायालयाने दंड केला. ते १९७२ मध्ये वारले. त्या निकालाची पुन्हा सुनावणी होऊन ते निर्दोष ठरले १९९५ साली, आणि सुनावणी झाली ती त्यांना दोषी ठरवणाऱ्या त्याच न्यायालयात.